स्पॅनिशमध्ये गायलं म्हणून हरले?

मे महिना आला की स्पेनमध्ये एक वाद ठरलेला असतो. युरोव्हिजनची फायनल शनिवारी रात्री संपते, स्पेन बाविसाव्या नाहीतर चोविसाव्या नंबरवर असतो, आणि रविवारी सकाळपासून एक पार्टी म्हणत असते की बाबांनो इंग्रजीत गायला काय झालं होतं, युरोपात स्पॅनिश कळतंय कोणाला. लगेच दुसरी पार्टी उठते की हरलो तरी बेहत्तर पण आपल्या भाषेतच गायचं, ती आपली ओळख आहे वगैरे. मला वाटतं दोघंही चुकतायत. पहिल्यांचं म्हणणं तर आकडे काढून बघितले की दहा मिनिटांत पडतं. दुसऱ्यांचं ऐकायला छान वाटतं, पण 'आपली भाषा' म्हणजे नेमकी कोणाची आणि ती ठरवणार कोण, हे विचारलं की ही मंडळी गप्प होतात.

ज्यांना युरोव्हिजन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1956 पासून चालू असलेली गाण्यांची स्पर्धा, मुख्यतः युरोपातल्या देशांची सरकारी किंवा सार्वजनिक टीव्ही चॅनेल्स एकेक नवीन गाणं पाठवतात, गाणं तीन मिनिटांच्या आत, स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं, मुख्य आवाज लाइव्हच. मग प्रत्येक देशाची ज्युरी आणि पब्लिक मार्क देतात, स्वतःच्या देशाला देता येत नाहीत. स्पेन 1961 ला आला आणि जिंकला फक्त दोनदा, 1968 आणि 1969, त्यातही 69 ला चार देश बरोबरीत होते आणि टाय सोडवायचा नियमच नव्हता म्हणून चौघांनाही विजेते म्हणून टाकलं. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं झाली, काही नाही. आणि हा तो देश ज्याच्या भाषेत जगात पन्नास कोटींच्या आसपास लोक बोलतात, ज्या भाषेतलं 'देस्पासितो' 2017 मध्ये अमेरिकेच्या चार्टवर सोळा आठवडे पहिल्या नंबरवर बसून होतं, आणि ज्या भाषेत गाणारा बॅड बनी 2020, 21, 22 अशी सलग तीन वर्षं स्पॉटिफायवर जगात सगळ्यात जास्त ऐकला गेला. म्हणजे बघा, अख्खं जग स्पॅनिश गाण्यांवर नाचतंय आणि युरोपातल्या एका स्पर्धेत मात्र स्पॅनिश गाणं तळाला. मग भाषा कळत नाही म्हणून हरलो हे कसं पटायचं?

आता इंग्रजीवाल्यांचा हिशोब बघू. स्पेनने पूर्ण इंग्रजी गाणं पहिल्यांदा पाठवलं 2016 मध्ये, बारेईचं 'से येय!'. खरं सांगायचं तर गाणं चांगलं होतं, एनर्जी होती, ती गायलीही मस्त. स्पॅनिश भाषेच्या अकादमीतल्या भाषापंडितांनी आधीच नाकं मुरडली होती की 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या सर्व्हांतेसच्या देशाला ही काय अवदसा आठवली. नंबर आला बाविसावा. पुढच्या वर्षी अर्धं स्पॅनिश अर्धं इंग्रजी करून बघितलं, मानेल नावारो, बिचाऱ्याचा ऐन वेळी आवाज फाटला आणि पाच पॉइंट घेऊन शेवटचा आला. त्याआधी 2012 मध्ये पास्तोरा सोलेर संपूर्ण स्पॅनिश बॅलड गाऊन दहावी आली होती, एकदम जुन्या वळणाचं गाणं, आवाज चढत चढत जाणारं. 2014 ला रुथ लोरेन्सो दोन्ही भाषा मिसळून गायली, तीही दहावीच. म्हणजे इंग्रजी घातल्याने वर गेलो असं काही दिसत नाही, आणि स्पॅनिश ठेवल्याने खाली गेलो असंही नाही. जे गाणं जमलं ते वर गेलं, जे नाही जमलं ते कुठल्याही भाषेत पडलं.

शेजारी बघा. पोर्तुगाल 1964 पासून येतोय, 2017 पर्यंत एकदाही जिंकला नव्हता, आणि जिंकला तो कशाने तर साल्वादोर सोब्रालच्या अगदी हळू, जॅझच्या अंगाने जाणाऱ्या पोर्तुगीज गाण्याने. बहिणीने लिहिलेलं गाणं, ना नाच ना आग ना धूर, एकटा माणूस डोळे मिटून गातोय, आणि ज्युरी आणि पब्लिक दोन्हीकडे पहिला. युरोपात पोर्तुगीज कळणारे स्पॅनिश कळणाऱ्यांपेक्षाही कमीच असतील. 2021 मध्ये पहिले तिन्ही नंबर इंग्रजी नसलेल्या गाण्यांचे, इटलीचा मोनेस्किन हा बँड इटालियनमध्ये आणि मागे फ्रान्स आणि स्वित्झर्लंड, दोन्ही फ्रेंचमध्ये. 2023 ला फिनलंडच्या केआरियाने फिनिशमध्ये असा काही धिंगाणा घातला की पब्लिकच्या मतांत तो विजेत्या, स्वीडनच्या लोरीनच्याही खूप पुढे होता, ज्युरीने अडवला म्हणून दुसरा आला. फिनिश! ज्या भाषेतला एक शब्द बाहेरच्या माणसाला ओळखीचा वाटत नाही. आणि 2025 ला स्वीडनने, म्हणजे इंग्रजी पॉपची फॅक्टरीच असलेल्या स्वीडनने, 1998 नंतर पहिल्यांदा स्वीडिश गाणं पाठवलं, तेही फिनलंडमधल्या स्वीडिशभाषक तिघांचं, खेड्यातल्या बोलीत, सौना या विषयावर. चौथा नंबर.

सगळ्यात बोलकं उदाहरण इटलीचं. 2011 मध्ये इटली बऱ्याच वर्षांनी परत आली आणि तेव्हापासून दोन वर्षं सोडली तर कायम पहिल्या दहात आहे, आणि गाणी जवळजवळ सगळी इटालियनमध्येच. आता इटालियन आणि स्पॅनिश या तशा सख्ख्या बहिणी, एक कळत नसेल तर दुसरीही कळत नाही, मग एक वर आणि एक खाली असं का? कारण इटलीकडे सानरेमो आहे. 1951 पासून चालू असलेला फेस्टिव्हल, पाच रात्री, आणि तिथे देशातले मोठे मोठे गायक खरोखर स्वतःचं नवीन गाणं घेऊन उतरतात, कारण युरोव्हिजन त्यांच्यासाठी दुय्यम आहे, सानरेमो जिंकणं हीच मोठी गोष्ट. गाणं आधी इटलीसाठी लिहिलेलं असतं, इटलीत गाजतं आणि मग बाहेर जातं. स्पेनमध्ये उलटं होत राहिलं, टीव्हीच्या ऑफिसात बसून 'युरोपला काय आवडेल' असा विचार करून गाणं निवडायचं, कधी रिअॅलिटी शोमधली पोरं उचलायची, कधी आतल्या आत कोणाला तरी नेमायचं. युरोपला काय आवडेल हे डोक्यात ठेवून केलेलं गाणं युरोपला सहसा आवडत नाही, कारण तसलं गाणं बाकीचे वीस देशही घेऊन आलेले असतात.

आणि हे स्पेनला स्वतःच्या इतिहासातून कळायला हवं होतं. 1973 चं 'एरेस तू' घ्या. मोसेदादेस हा बिल्बाओचा ग्रुप, स्पर्धेत दुसरे आले, पहिल्यापेक्षा चारच पॉइंट कमी. पण त्यानंतर झालं काय, तर ते स्पॅनिश गाणं पुढच्या वर्षी अमेरिकेच्या चार्टवर नवव्या नंबरपर्यंत गेलं. त्याचं इंग्रजी व्हर्जनही होतं, बिल्बाओकडच्या बास्क भाषेतही त्यांनी ते रेकॉर्ड केलं, तरी अमेरिकेतल्या रेडिओने उचललं ते स्पॅनिशच. त्या वर्षी जिंकलेलं लक्झेंबर्गचं गाणं आज किती जणांच्या तोंडात आहे मला माहीत नाही, पण 'एरेस तू' अजून लग्नात वाजतं.

मार्क मोजण्याच्या पद्धतीवर थोडं बोलायला पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. युरोव्हिजनमध्ये प्रत्येक देश फक्त पहिल्या दहा गाण्यांना मार्क देतो, 12, 10, मग 8 पासून 1 पर्यंत. अकराव्याला शून्य. म्हणजे समजा तुमचं गाणं सगळ्या देशांत लोकांना बऱ्यापैकी आवडलं आणि सगळीकडे अकरावं आलं, तर तुमचा स्कोअर शून्य. इथे थोडंथोडं आवडणं काही कामाचं नाही, कोणाला तरी वेडं व्हावं इतकं आवडायला लागतं, कारण मत द्यायला माणूस फोन उचलणार, पैसे भरणार. 2023 ला ब्लांका पालोमा फ्लामेंकोच्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या पारंपरिक गाण्याच्या ढंगातली 'एआएआ' ही अंगाई घेऊन लिव्हरपूलला गेली, आजीच्या आठवणीत केलेली, गळा असा की अंगावर काटा. स्पर्धेच्या आधी बेटिंगवाल्यांनी तिला बरंच वर धरलं होतं. ज्युरीने 95 दिले आणि पब्लिकने किती, तर अख्ख्या युरोपच्या पब्लिकने मिळून 5. लगेच स्पेनमध्ये सुरू, बघा स्पॅनिश नको, बघा फ्लामेंको नको. पण त्याच रात्री फिनिश गाण्याला पब्लिकचे 376 मिळाले होते राव! मग हा भाषेचा प्रश्न कसा? ते गाणं आत ओढून घेणारं होतं, डोळे मिटून ऐकायचं होतं, आणि सव्वीस गाण्यांच्या गर्दीत, हातात फोन असलेल्या माणसासमोर तीन मिनिटांत तसं ऐकून घेणं हे सोब्रालसारखं एखाद्यालाच जमतं. मला विचाराल तर 'एआएआ' हे स्पेनने गेल्या वीस वर्षांत पाठवलेलं सगळ्यात चांगलं गाणं आहे, आणि ते सतरावं आलं. 1983 ला रेमेदियोस आमाया अनवाणी फ्लामेंको गायली तेव्हा तर चक्क शून्य मिळाले होते, पण आज स्पेनमध्ये तिचं नाव आणि ते गाणं दोन्ही लोकांना पाठ आहेत.

स्पॅनिशच्या बाजूची अजून एक अडचण आहे जी खरी आहे, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. स्पॅनिश बोलणारे पन्नास कोटी, पण त्यांतले बहुतेक सगळे समुद्रापलीकडे. युरोव्हिजनच्या टेबलावर स्पॅनिश बोलणारा देश एकच, स्पेन, आणि त्याला स्वतःला मत देता येत नाही. ग्रीस-सायप्रस एकमेकांना बारा पॉइंट देतात हा तर विनोदाचा विषय झालाय, नॉर्डिक देशांचं एकमेकांशी जमतं, बाल्कनवाल्यांचं जमतं, स्पेनच्या बाजूला पोर्तुगाल, आणि अँडोरा होता काही वर्षं, तोही 2009 नंतर गेला. 2023 पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं, म्हणजे पुण्यात बसून तुम्ही-आम्हीही पैसे भरून देऊ शकतो, पण ते सगळं मिळून एकाच देशाइतकं धरतात. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, भारत, सगळे एका पोत्यात.

लॅटिन अमेरिकेची वेगळी स्पर्धा होती, ओटीआय फेस्टिव्हल, 1972 ला माद्रिदमध्ये सुरू झाला आणि 2000 पर्यंत चालला. तिथे गाणी स्पॅनिशमध्ये किंवा पोर्तुगीजमध्येच. स्पेन तिथे अनेकदा जिंकला. म्हणजे एकच ब्रॉडकास्टर, त्याच पद्धतीची गाणी, त्याच काळात, एका स्पर्धेत वर आणि दुसरीकडे खाली. चिलीतल्या विन्या देल मारला तर 1960 पासून दर फेब्रुवारीत फेस्टिव्हल होतो, त्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते, आणि तिथल्या पब्लिकलाच राक्षस म्हणतात कारण आवडलं नाही तर शिट्ट्या मारून माणसाला स्टेजवरून घालवतात. स्पॅनिश गाण्याला स्पर्धा नवी नाही आणि कठोर पब्लिकही नवीन नाही एवढंच सांगायचंय.

मग काही लोक म्हणतात, सोपं आहे, जुना नियम परत आणा. प्रत्येकाने आपापल्या देशाच्या भाषेत गायचं, सगळे सारखे. हा नियम खरंच होता. 1965 ला स्वीडन इंग्रजीत गायला, त्यावर गदारोळ झाला आणि 1966 पासून राष्ट्रभाषेची सक्ती आली. 1973 ला काढली, लगेच 1974 ला स्वीडनचा 'आबा' हा ग्रुप इंग्रजीत गाऊन जिंकला, 1977 ला परत आणली आणि 1999 ला कायमची काढली. भाषाप्रेमींना हा नियम फार न्याय्य वाटतो. पण सक्तीच्या काळात जिंकलं कोण? आयर्लंड 1992, 93, 94 आणि 96, युनायटेड किंग्डम 1997. इंग्रजी ही ज्यांची 'राष्ट्रभाषा' त्यांना मोकळं रान आणि बाकीचे आपापल्या भाषेत. म्हणजे इंग्रजीचं वर्चस्व मोडायला केलेल्या नियमाने इंग्रजीचीच मक्तेदारी करून दिली. आणि यातला दुसरा लोचा जास्त मोठा आहे, 'देशाची भाषा' कोणती हे कोण सांगणार? ब्रॉडकास्टर सांगणार. सरकार सांगणार.

इथे 1968 ची गोष्ट येते. त्या वर्षी स्पेनच्या टीव्हीने निवडला होता जोआन मानुएल सेर्रात, बार्सिलोनाचा पोरगा, चोवीस वर्षांचा, कॅटलान, म्हणजे तिकडच्या भाषेतल्या गाण्यांमुळे नुकताच नावारूपाला आलेला. फ्रँकोची हुकूमशाही, कॅटलान भाषेला शाळेत, कचेरीत थारा नव्हता. सेर्रात म्हणाला, गाईन तर कॅटलानमध्ये गाईन, नाहीतर नाही. टीव्हीवाल्यांनी त्याला काढून टाकलं, मास्सिएल नावाची गायिका मेक्सिकोत दौऱ्यावर होती, तिला घाईघाईने बोलावून घेतलं, थोड्याच दिवसांत गाणं बसवलं, आणि ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ब्रिटनच्या क्लिफ रिचर्डला एका पॉइंटने, 29 विरुद्ध 28, हरवून आली. सेर्रातला पुढे टीव्ही आणि रेडिओचे दरवाजे बंद झाले. आता गंमत बघा, ज्या गाण्याच्या भाषेवरून एवढं रामायण झालं त्या गाण्याचं नाव 'ला, ला, ला', आणि त्यात शंभराहून जास्त वेळा 'ला' येतं. हसू येतं, पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते, की सरकारला त्या तीन मिनिटांत कोणते शब्द येतात याच्याशी काहीच घेणं नव्हतं, स्पेन म्हणजे एकच भाषा हे सगळ्या युरोपसमोर दाखवायचं होतं. स्पेनचा पहिला विजय हा स्पॅनिशचा विजय म्हणून साजरा होतो, तो स्पेनमधल्याच दुसऱ्या भाषेला दाराबाहेर काढून मिळालेला आहे. मास्सिएलचा यात दोष नाही, ती उत्तम गायली, पण स्पॅनिशमध्येच गायचं असा आग्रह धरणाऱ्यांनी हा भाग गाळून पुढे जाऊ नये.

ही जुनी, हुकूमशाहीची गोष्ट झाली असं कोणी म्हणेल. बरं, मग 2022 बघा, लोकशाही येऊन चाळीसच्या वर वर्षं झालेली. स्पेनच्या सार्वजनिक टीव्हीने, म्हणजे आरटीव्हीईने, युरोव्हिजनचं गाणं निवडायला सानरेमोच्या धर्तीवर बेनिदोर्म फेस्ट सुरू केला, आणि खरंच चांगलं केलं, पहिल्याच वर्षी लोक वेडे झाले. तीन गाणी पुढे होती. शानेलचं 'स्लोमो', स्पॅनिशमध्ये इंग्रजी पेरलेलं, जबरदस्त नाच. रिगोबेर्ता बांदिनीचं आईवरचं गाणं. आणि तांशुगेइरास, स्पेनच्या वायव्येकडच्या गालिशिया प्रांतातल्या तीन पोरी, डफासारखी पांदेरेता वाजवत गालिशियन भाषेत लोकगीताच्या चालीचं 'तेर्रा' गाणाऱ्या, आणि त्यात एक ओळ, सीमा नाहीत अशा अर्थाची, स्पेनमधल्या वेगवेगळ्या भाषांत गायलेली. पब्लिकने फोन करून, मेसेज करून दिलेल्या मतांपैकी सुमारे 70 टक्के मतं एकट्या तांशुगेइरासना. शानेलला सुमारे 4 टक्के. आणि जिंकली शानेल, 96 पॉइंट, बांदिनी 91, तांशुगेइरास 90.

हे कसं झालं? अर्धं वजन ज्युरीचं, पाव वजन निवडक प्रेक्षकांच्या सर्व्हेचं, आणि पाव टेलिव्होटचं, म्हणजे लोकांनी फोन-मेसेजने दिलेल्या मतांचं. बरं, टेलिव्होटमध्ये टक्केवारी धरत नाहीत, नंबर धरतात. पहिल्याला 30, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 20. म्हणजे 70 टक्केवालीला 30 आणि 4 टक्केवालीला 20, फरक फक्त दहाचा! तांशुगेइरासना सर्व्हेतही पूर्ण 30 होते, म्हणजे लोकांच्या दोन्ही बाजूंनी त्या पहिल्या, आणि ज्युरीने त्यांना एवढं खाली ठेवलं की त्या तिसऱ्या आल्या. मग जो काही राडा झाला तो विचारू नका, संसदेत प्रश्न गेले, कामगार संघटना मध्ये पडली, आणि यात सगळ्यात वाईट म्हणजे बिचाऱ्या शानेलवर लोक तुटून पडले, तिला ट्विटर सोडावं लागलं. ती मुलगी क्युबात जन्मलेली, कातालोनियात वाढलेली, वर्षानुवर्षं म्युझिकल्समध्ये राबलेली, तिने नियमाप्रमाणे स्पर्धा जिंकली होती. नियम कोणी केले त्यांना सोडून हिला शिव्या देणं हा निव्वळ भ्याडपणा होता.

आणि मग शानेल युरोव्हिजनसाठी इटलीत ट्युरिनला गेली आणि तिसरी आली. 459 पॉइंट, स्पेनचे आजवरचे सगळ्यात जास्त, ज्युरी आणि पब्लिक दोन्हीकडून जवळजवळ सारखे, आणि 1995 नंतरचा सगळ्यात चांगला नंबर. इथे ज्युरीवाले म्हणतात, बघा, आम्हीच बरोबर होतो. मला हा मुद्दा टाळायचा नाही, कारण माझ्या म्हणण्यातला हाच अवघड भाग आहे. हो, जिंकायचं हेच ध्येय असेल तर ज्युरीचा अंदाज चांगला निघाला, 'तेर्रा' त्या स्टेजवर तिसरं आलं असतं का याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण मग लोकांकडून मतं मागवायचीच कशाला? सरळ तज्ज्ञ नेमा, गाणं निवडा, पाठवा, आणि हे तुमचं गाणं आहे असं सांगू नका. लोकांच्या पैशावर चालणारं चॅनेल जेव्हा देशाचं गाणं निवडायला देशालाच बोलावतं, आणि त्या देशातले लोक, ज्यात गालिशियाबाहेरचेही भरपूर होते कारण 70 टक्के मतं एकट्या गालिशियातून येऊच शकत नाहीत, ते सांगतात की या वेळी आपण गालिशियनमध्ये जाऊया, तेव्हा ती नुसती गाण्याची आवड नसते. माद्रिदमधल्या, सेव्हियामधल्या माणसाने ती भाषा आपली म्हणून फोन केलाय. 1968 ला वरून जे नाकारलं होतं ते 2022 ला लोक खालून देत होते, आणि मार्कांच्या तक्त्याने ते गिळून टाकलं. कोणी कट केला असं मी म्हणत नाही, तक्ताच असा होता. पण तक्ता कोणीतरी केलेला असतोच ना.

म्हणून मला 'स्पॅनिश की इंग्रजी' हा वादच खोटा वाटतो. इंग्रजी नको म्हणून छाती पिटणारे भाषापंडित गालिशियनसाठी, बास्कसाठी कुठे रस्त्यावर आले? स्पेन साठ वर्षांहून जास्त काळ गाणी पाठवतोय, त्यातलं एकही पूर्ण गाणं कॅटलानमध्ये, बास्कमध्ये किंवा गालिशियनमध्ये नाही. छोट्याशा अँडोराने मात्र कॅटलानमध्ये गाणी पाठवली, आणि फ्रान्सने, ज्या फ्रान्सला भाषेच्या बाबतीत सगळ्यात हट्टी म्हणतात त्याने, ब्रेटन आणि कॉर्सिकन या आपल्या प्रांतांतल्या भाषांमध्ये पाठवलीयत. स्पॅनिश मोठी भाषा आहे, तिला युरोव्हिजनमध्ये कोणी वाचवायची गरज नाही, बॅड बनी तिचं बघून घेईल.

आपल्याकडे या स्पर्धेचं कौतुक करायचं कारण नाही, आपण त्यात नाही, पण हा प्रश्न आपल्यालाही चांगला ओळखीचा आहे. भारतातर्फे ऑस्करला सिनेमा पाठवायचा तेव्हा 2004 ला 'श्वास', 2009 ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 2015 ला 'कोर्ट' गेला, तेव्हा कोणी म्हटलं नाही की मराठीत कशाला, बाहेर कोणाला कळणार. सबटायटल असतं, विषय संपला. 2023 ला 'नाटु नाटु' तेलुगूतच ऑस्करला गेलं, तेलुगूतच स्टेजवर गायलं गेलं, ज्यांनी मूळ गायलं त्यांनीच गायलं, आणि जिंकलं. याउलट 2005 ला उरुग्वेच्या होर्खे द्रेक्सलेर या गायकाचं स्पॅनिश गाणं, स्पॅनिशमधलं पहिलंच ऑस्कर जिंकणारं, कार्यक्रमात त्याला स्वतःला गाऊ दिलं नव्हतं, गाणारा प्रसिद्ध पाहिजे म्हणून हॉलिवूडचा नट अँतोनिओ बान्देरास याला उभं केलं होतं, तर या माणसाने बक्षीस घ्यायला गेल्यावर भाषण न करता तिथेच आपल्या गाण्याच्या ओळी गायल्या आणि खाली उतरला. आणि 'झिंगाट' घ्या की, गुजरातपासून दिल्लीपर्यंत लग्नांत वाजलं, कोणाला शब्द कळत होते? नंतर हिंदीत केलंच की, पण डीजे लावतो ते मराठीच. तरीही आपल्याच पोरांना हिंदी रिअॅलिटी शोमध्ये पाठवताना आपणच सांगतो की मराठी गाणं नको घेऊस, मार्क जातील. स्पेनमधल्या त्या रविवार सकाळच्या गप्पांपेक्षा हे काही वेगळं नाही.

सध्या तर स्पेन युरोव्हिजनमध्येच नाही. 2025 ला मेलोडीचं 'एसा दिवा' 37 पॉइंटवर चोविसावं आलं, पण त्या वर्षी भाषेचं कोणी नाव काढलं नाही कारण वाद वेगळाच होता, गाझाचा, इस्रायलच्या सहभागाचा आणि टेलिव्होटच्या विश्वासार्हतेचा. आरटीव्हीईने मतांची तपासणी मागितली, आणि डिसेंबरमध्ये इस्रायल राहणार हे नक्की झाल्यावर आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंडसारखाच स्पेनही 2026 च्या व्हिएन्नाच्या स्पर्धेतून बाहेर पडला. 1961 पासून पहिल्यांदा स्पेनचं गाणं नाही. त्या निर्णयाबद्दल माझं मत इथे घुसडत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण बेनिदोर्म फेस्ट चालूच ठेवलाय, आणि माझ्या मते हीच संधी आहे. आता 'युरोपला काय आवडेल' हे भूत मानगुटीवर नाही. टेलिव्होटला नंबरावर नाही तर टक्केवारीवर मार्क द्या, 70 टक्के म्हणजे 70 टक्के. सगळी मतमोजणी निकालाच्या रात्रीच जाहीर करा. गाणं कोणत्या भाषेत असावं याबद्दल नियमही नको आणि आतून दिलेला सल्लाही नको, गायकाला इंग्रजीत गायचं असेल तर गाऊ दे, बास्कमध्ये गायचं असेल तर गाऊ दे. मोठ्या गायकांना सानरेमोसारखं यावंसं वाटेल असा दर्जा पाच-सात वर्षं टिकवा. मग जेव्हा कधी परत जातील तेव्हा लोकांनी निवडलेलं गाणं घेऊन जातील, आणि ते गाणं कॅटलानमध्ये असलं तर सेर्रात आता ऐंशीच्या पुढे आहे, त्याला पहिल्या रांगेत बोलवा.